रुईच्या पानाचा हिरवा: सेज ग्रीन भिंतींबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात एका वाचकाच्या हॉलसाठी मी फिका, राखाडी झाक असलेला हिरवा सुचवला होता, आता सगळेच ज्याला सेज ग्रीन म्हणतात तो. दोनच ओळी होत्या, पण त्यावर इतकी पत्रं आली की हा अख्खा अंक त्याच रंगाला देतेय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, लांब पत्रं थोडी कमी केलीयत.

ताई, इन्स्टावर एका घराचा हॉल बघितला, बघताक्षणी आवडला, त्या बाईंनी खाली शेड नंबर पण दिला होता. तोच नंबर दुकानात देऊन मशीनवर रंग करून आणला. दोन भिंती झाल्यात आणि हिरवा कुठे दिसतच नाहीये, सिमेंटसारखा निळसर राखाडी दिसतोय. दुकानदार म्हणतो मशीन चुकत नाही, मिस्टर म्हणतात सरळ पांढरा मारून टाक. काय करू? – डोंबिवली

पांढरा मारू नका आणि दुकानदाराशी भांडूही नका, आधी मला सांगा हॉलमध्ये दिवा कोणता आहे. बहुतेक तुमच्याकडे तो पांढराशुभ्र एलईडी असणार, खोक्यावर ६५०० के (के म्हणजे केल्विन, आकडा मोठा तितका उजेड निळसर, लहान तितका पिवळसर) लिहिलेलं असतं तो, आपल्याकडे दहातल्या आठ घरांत मला तोच दिसतो कारण जुन्या ट्यूबलाइटची सवय आहे आणि दुकानात 'एलईडी द्या' म्हटलं की तोच हातात ठेवतात. त्या उजेडात निळा भाग जास्त असतो. इन्स्टावरच्या त्या हॉलमध्ये मात्र बहुतेक मोठ्या खिडकीतलं ऊन असेल किंवा ३००० केल्विनचे पिवळसर दिवे, आणि वर फोटोला फिल्टर लावलेला असेल तो वेगळाच. म्हणजे रंग तोच आहे, उजेड वेगळा आहे.

बाकी रंगांचं एवढं होत नाही आणि याचंच का होतं ते सांगते, कारण हे समजलं की पुढची निम्मी उत्तरं तुमची तुम्हालाच सुचतील. सेज ही युरोपात स्वयंपाकात वापरतात ती वनस्पती, आपल्या तुळशीच्याच कुळातली, पान राखाडी हिरवं आणि वर मऊ लव. आपण ते रोज बघत नाही म्हणून मी लोकांना रुईचं पान आठवायला सांगते. शनिवारी मारुतीला हार घालतो ना, त्या पानावर पांढुरकी बुकटी असते, बोटाने पुसली की खालचा खरा हिरवा दिसतो. सेज ग्रीन म्हणजे तो न पुसलेला हिरवा. त्यात भरपूर पांढरा असतो, हिरवा थोडा, त्याहून थोडा पिवळा आणि चिमूटभर काळा. पोपटी रंगात हिरवा इतका ठासून असतो की कुठल्याही दिव्याखाली तो पोपटीच दिसतो. इथे हिरवा जेमतेम असतो, त्यामुळे उजेड जरा निळा झाला की रंग राखाडी होतो, जरा पिवळा झाला की मेंदीकडे जातो.

तर आधी एकच करा, हॉलमधला एक बल्ब बदलून ४००० केल्विनचा लावा, एक ३००० चा आणा, दोन्ही एकेक संध्याकाळ बघा. खोक्यावर सीआरआय ९० किंवा त्याच्या वर लिहिलेला मिळाला तर तोच घ्या, त्यात रंग जास्त खरे दिसतात. शंभर-दोनशे रुपयांत कळेल. मला वाटतं ४००० वर तुम्ही थांबाल. दिवसाही राखाडीच दिसत असेल तर मग खिडकी कुठल्या दिशेला आहे ते बघावं लागेल. उत्तरेच्या खोलीत वर्षातले बरेच महिने थेट ऊन येत नाही, आकाशाचा थंड उजेड येतो (मुंबईच्या आसपास मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या जरा उत्तरेला असतो, पण तेव्हा अर्धा वेळ ढगच असतात). अशा खोलीला पिवळसर झाकेचा सेज लागतो, पश्चिमेच्या खोलीला जास्त राखाडी चालतो कारण दुपारनंतरचं ऊन त्याला आपोआप गरम करतं.

आणि ज्यांनी अजून डबा आणलेला नाही त्यांच्यासाठी, शेडकार्डावरच्या नखाएवढ्या चौकोनावर भिंत ठरवू नका. २०० मिलीचा सॅम्पल मिळतो, तो आणा, जाड ड्रॉइंग शीट घ्या दोन फूट बाय दोन फूट, चारी बाजूंनी बोटभर पांढरी कड सोडून दोन हात मारा, नीट वाळू द्या. मग तो कागद भिंतीला उभा लावा, टेबलावर आडवा ठेवून बघू नका, आडव्या कागदावर वरून उजेड पडतो आणि रंग फिका वाटतो. सकाळी, दुपारी, दिवे लागल्यावर, असं तीन-चार दिवस बघा आणि प्रत्येक भिंतीवर फिरवा. पांढरी कड मुद्दाम सांगितली, कारण तुमची जुनी भिंत पीच किंवा अबोली असेल तर तिच्या शेजारी कुठलाही हिरवा जास्तच हिरवा दिसतो आणि अंदाज चुकतो. ओला रंग बघूनही घाबरू नका, इमल्शन, म्हणजे पाण्यातला भिंतीचा रंग, ओलं असताना दुधाळ फिकं दिसतं, वाळल्यावर थोडं गडद होतं.

आमच्या सासूबाई म्हणतात हिरव्या भिंती म्हणजे सरकारी दवाखाना. मला सेज फार आवडतो पण त्यांचं म्हणणं डोक्यातून जात नाहीये. घरात त्यांना पण राहायचंय. – नाशिक

सासूबाईंचं चुकलेलं नाही. त्यांच्या डोळ्यापुढे जो रंग आहे तो खरंच होता, कमरेपर्यंत ऑइल पेंटचा चकचकीत हिरवा पट्टा, त्यावर काळी किंवा तपकिरी रेघ, वर पिवळट चुना आणि छताला एक फडफडणारी ट्यूब. त्या वासासकट तो आठवतो माणसाला.

दवाखान्यात हिरवा आला त्यामागे कारण आहे. पूर्वी ऑपरेशन थिएटर पांढरं असायचं, तासनतास लाल रक्ताकडे बघून सर्जनने मान वर केली की पांढऱ्या भिंतीवर त्याला हिरवट डाग तरंगताना दिसायचे आणि पांढऱ्याची तिरीपही डोळ्यावर यायची. १९१४ साली सॅन फ्रान्सिस्कोतल्या हॅरी शर्मन नावाच्या सर्जनने आपलं थिएटर पालकासारख्या हिरव्या रंगाचं करून घेतलं, डोळ्याला आराम मिळाला, मग हळूहळू हिरवा कपड्यांत आला, पडद्यांत आला, भिंतींवर पसरला. म्हणजे मुळात तो डोळ्याला शांत वाटावा म्हणूनच आणला होता. तो घरात नकोसा वाटतो तो चकाकीमुळे, त्या अर्ध्या पट्ट्यामुळे आणि वरच्या पांढऱ्या ट्यूबमुळे.

तेव्हा या तीन गोष्टी टाळा, रंग मॅट घ्या, ग्लॉस किंवा सॅटिन हॉलमध्ये नको. अर्धी भिंत हिरवी अर्धी पांढरी असली फॅशन सध्या चालूये, इतर कुणाला मी करा म्हणेन, तुम्हाला नाही. दिवे पिवळसर. आणि जो शेड निवडाल त्यात पिवळा-राखाडी जास्त असू द्या, निळा-हिरवा म्हणजे पुदिन्याकडे जाणारा अजिबात नको, दवाखाना त्या बाजूला आहे. वर सांगितलेला रंगवलेला कागद हॉलमध्ये लावा आणि सासूबाईंना काही न विचारता चार दिवस राहू द्या, त्याच्या खाली त्यांची नेहमीची खुर्ची आणि एक पितळी तांब्या ठेवा. मग विचारा. त्यांना तरीही नको वाटला तर हॉल सोडून तुमच्या बेडरूमला द्या, घरातल्या मोठ्या माणसाला रोज संध्याकाळी नकोशा रंगात बसवू नये असं मला मनापासून वाटतं.

हॉलमध्ये आजोबांचा सागवानी दिवाण आहे, नंतर केलेलं शोकेस लालसर सनमायकाचं आहे आणि खाली क्रीम व्हिट्रिफाइड. यात सेज ग्रीन जाईल का? फर्निचर बदलायचं बजेट नाहीये. – पुणे, सिंहगड रोड

दिवाण बदलायचा विचारही करू नका! सागवानाचा तपकिरी आणि हा हिरवा यांच्याइतकी चांगली जोडी मला दुसरी माहीत नाही, झाडाचं खोड आणि पान शेजारी असल्यासारखं दिसतं. दिवाणाचं पॉलिश उडालं असेल तर मेलामाइनची चकाकी न देता मॅट पॉलिश करून घ्या, एवढंच.

शोकेसचं जरा बघावं लागेल. लाल आणि हिरवा रंगचक्रावर एकमेकांच्या समोरचे रंग आहेत, शेजारी ठेवले की दोघंही भडकतात, म्हणून लालसर सनमायकाच्या बाजूला तुमचा सेज कार्डावर दिसतो त्यापेक्षा जास्त हिरवा दिसणार. उपाय सोपा आहे, त्याच पट्टीवरचा एक घर जास्त राखाडी शेड घ्या. तसाही तो भिंतीवर गेला की शोकेस त्याला हिरवा करून देईल.

मला खरी काळजी फरशीची आहे. क्रीम टाइल दोन जातीच्या असतात, एक पिवळसर आणि एक गुलाबीसर, नुसतं बघून कळत नाही, बिल्डरने टाकलेली असते आणि आपण वर्षानुवर्षं तिला क्रीमच म्हणत असतो. पांढरा कोरा कागद फरशीवर ठेवा, खिडकीजवळ, आणि शेजारची टाइल बघा, लगेच कळेल. पिवळसर असेल तर बिनधास्त कुठलाही सेज. गुलाबी असेल तर पिवळट सेज तिच्या वर मळल्यासारखा दिसतो, मग जरा थंड, राखाडीकडचा घ्या आणि दिवाणासमोर ज्यूटची किंवा सुती सतरंजी टाकून फरशी थोडी झाका. पडदे मांजरपाटाच्या रंगाचे, नीळ दिलेला पांढरा नको.

जाता जाता, ज्यांच्या घरात कोटा किंवा शहाबादी आहे आणि जे ती काढून टाइल बसवायच्या विचारात आहेत त्यांनी थांबावं. कोट्याची फरशी स्वतःच हिरवट राखाडी असते, तिच्यावर या रंगाची भिंत इतकी सहज बसते की मी अशा घरात काम करताना दुसरा रंग सुचवतच नाही.

छत पण त्याच रंगाचं करू का? – सांगली

छत नऊ-साडेनऊ फुटांचं असेल तर नको, खोली खाली उतरल्यासारखी वाटते. ऑफ व्हाइट करा, तोही भिंतीच्याच रंगाचे दोन थेंब पडल्यासारखा उबदार. एकदम पांढऱ्याने मध्ये रेघ मारल्यासारखी दिसते.

आमचं गुहागर तालुक्यात जांभ्याचं जुनं घर आहे, मातीचा आणि चुन्याचा गिलावा. दहा वर्षांपूर्वी आतून पुट्टी करून प्लास्टिक पेंट मारला, दर पावसाळ्यानंतर खालून दोन-तीन फूट पोपडे येतात. आता पुन्हा करायचंय आणि मुलीला सेज ग्रीन हवाय. कुठल्या कंपनीचा टिकेल? – मुंबई (घर कोकणात)

तुमच्या पत्राने मला थांबवलं, कारण इथे कुठल्याच कंपनीचा टिकणार नाही, आणि हे तुम्हाला दुकानात कुणी सांगणार नाही.

जांभा हा भोकाभोकांचा दगड, तो जमिनीतलं पाणी वर ओढतो आणि भिंतीतून बाहेर सोडतो. जुन्या माणसांनी त्यावर माती आणि चुना लावला कारण त्यातून वाफ जाते, भिंत पावसाळ्यात ओली होते आणि उन्हाळ्यात वाळते. तुम्ही त्यावर सिमेंटची पुट्टी आणि प्लास्टिक पेंट मारला म्हणजे भिंतीला रेनकोट घातला, पण आतून. ओल बाहेर यायला बघते, वाट नाही, क्षार त्या थराच्या मागे साचतात, फुगतात आणि पोपडे घेऊन खाली येतात. वरून कितीही महाग रंग द्या, हेच होणार.

आधी पाणी. पागोळ्यांचं पाणी भिंतीच्या बुडाशी पडतंय का, पन्हळ फुटलीय का, मागच्या बाजूला मातीचा ढीग जोत्याच्या वर आलाय का, कौलं सरकलीयत का, हे सगळं या पावसात स्वतः उभं राहून बघा, कारण तुम्ही मुंबईला असता आणि कोरड्या दिवसांत जाऊन काही दिसत नाही. ते दुरुस्त झालं की दिवाळीनंतर जुनी पुट्टी आणि रंग पूर्ण खरवडून काढा, गिलाव्यापर्यंत, जिथे गिलावा सुटलाय तिथे चुन्याचाच भरा, सिमेंटचा नाही. मग भिंत उघडी ठेवा. फेब्रुवारी-मार्चपर्यंत वाळू द्या, घाई करू नका.

आणि मग चुन्याचा हात द्या, मुलीच्या रंगात. आनंदाची गोष्ट अशी की चुन्यात गडद भडक रंग येतच नाही, चुना स्वतः पांढरा असल्यामुळे जे घालाल ते फिकं आणि धुरकट होऊन बाहेर येतं, म्हणजे सेज ग्रीन हा चुन्याला आपणहून येणारा रंग आहे. भिजवून ठेवलेला चुना कापडातून गाळून घ्यायचा, दुधाइतका पातळ, त्यात क्रोमियम ऑक्साइडचा हिरवा, जरासा पिवळा ऑक्साइड आणि नखभर काळा ऑक्साइड. ऑक्साइडच पाहिजेत, चुना तिखट असतो, बाकीच्या बऱ्याच पावडरींचा रंग त्यात उडतो. चुन्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांवर रंग घालू नका, नाहीतर हाताला लागत राहतो. भिंतीवर पाणी शिंपडून पातळ हात मारायचे, तीन-चार, मध्ये एकेक दिवस सोडून. मारताना भिंत गडद आणि पारदर्शक दिसेल, तुम्हाला वाटेल बिघडलं, पण चुना वाळताना खूप फिका होतो, इमल्शनच्या बरोब्बर उलट. म्हणून आधी मागच्या पडवीत एका कोपऱ्यावर तीन हात मारून, दोन दिवस वाळवून बघा आणि मगच प्रमाण पक्कं करा, वजन वहीत लिहून ठेवा. काम करताना डोळ्याला गॉगल हवाच, चुना डोळ्यात गेला तर फार वाईट.

दर दोन-तीन वर्षांनी एक हात द्यावा लागेल हे खरं आहे. पण तो एक हात असतो, पोपडे खरवडणं नसतं.

आम्ही एडिसनला नवीन टाउनहाउस घेतलंय. भिंती सगळ्या बिल्डरच्या बेज, कार्पेट पण बेज. मला फॅमिली रूम आणि देवघराचा कोनाडा सेज करायचाय. इथे सेजचे इतके शेड आहेत की डोकं चालत नाही. – न्यू जर्सी

तुमच्याकडे इतके शेड आहेत त्याला २०२२ कारणीभूत आहे, त्या एकाच वर्षासाठी तिकडच्या रंगकंपन्यांपैकी बेंजामिन मूरने ऑक्टोबर मिस्ट आणि शेर्विन-विल्यम्सने एव्हरग्रीन फॉग हे वर्षाचे रंग म्हणून जाहीर केले, दोन्ही राखाडी हिरवे, आणि मग सगळ्यांनीच हिरवे काढले. हे दोन शेजारी ठेवून बघा म्हणजे निवड सोपी होईल. शेडच्या मागे एलआरव्ही नावाचा आकडा असतो, ० म्हणजे काळा, १०० म्हणजे पांढरा, भिंत किती उजेड परत देते त्याचा. ऑक्टोबर मिस्टचा साधारण ४६ आहे, एव्हरग्रीन फॉगचा ३०. आपल्याकडे भरपूर ऊन असतं म्हणून ३० सुद्धा चालून जातो, तुमच्याकडे डिसेंबरात भरदुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम २६ अंश वर असतो (मुंबईत तेव्हा ४७च्या आसपास) आणि साडेचारला अंधार, त्यामुळे फॅमिली रूमची खिडकी उत्तरेला असेल तर ४५ च्या खाली जाऊ नका. दक्षिणेला असेल तर उलट, हिवाळ्यातलं तिरकं ऊन पार आतपर्यंत येतं, तिथे गडदही सुंदर दिसेल.

तिकडे घरात बहुतेक २७०० केल्विनचे सॉफ्ट व्हाइट बल्ब असतात, आपल्या डोंबिवलीच्या ताईंच्या उलट त्रास होईल तुम्हाला, संध्याकाळी रंग पिवळट मेंदीकडे जाईल. त्यामुळे दिवसा थोडा जास्तच राखाडी वाटणारा शेड घ्या. कार्पेट गुलाबी बेज आहे का तेही बघा, वरची कागदाची युक्ती कार्पेटलाही चालते.

देवघराचा कोनाडा मात्र गडद करा, तिथे एव्हरग्रीन फॉगसारखाच द्या. पितळी देव, समई, झेंडू आणि मागे गडद राखाडी हिरवा, लहान जागा आहे, दिवा लावला की मूर्ती पुढे येते. फिक्या भिंतीवर पितळ हरवतं. समई भिंतीपासून नीट लांब ठेवा, म्हणजे काजळीही धरणार नाही.

सातवा महिना चालू आहे, बाळाची खोली सेज ग्रीन करायचीय. आई म्हणते रंगात विष असतं, हिरव्यात जास्त. खरं आहे का? – ठाणे

आईंनी कुठेतरी ऐकलेलं आहे आणि त्याच्या मागे खरी गोष्ट आहे. १७७५ मध्ये शेले नावाच्या रसायनतज्ज्ञाने तांबं आणि आर्सेनिकचा एक सुंदर हिरवा बनवला, एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या घरांत वॉलपेपरला तो आणि त्याचे भाऊबंद सर्रास वापरले गेले आणि लोक त्याने आजारी पडले. तो रंग आता भिंतीच्या रंगात नसतो, आजचा हिरवा वेगळ्या पिगमेंटचा असतो. शिशाबद्दल म्हणाल तर आपल्याकडे २०१६ चा नियम आहे, घरगुती रंगात ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त शिसं नको, तो १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. डब्यावर तसं छापलेलं बघून घ्या आणि लो व्हीओसी, म्हणजे हवेत उडणारी रसायनं कमी असलेलं, पाण्याचं इमल्शन घ्या.

नव्या रंगापेक्षा मला जुन्याची जास्त भीती वाटते. इमारत जुनी असेल आणि दारं-खिडक्यांना, ग्रिलला जुना ऑइल पेंट असेल तर तो कोरडा घासताना उडणाऱ्या धुळीत शिसं असू शकतं, तेव्हा तुम्ही त्या घरात थांबायचंच नाही. आईकडे जा, काम आत्ताच उरकून घ्या, खोली दोन-तीन आठवडे खिडक्या उघड्या ठेवून वाऱ्यावर राहू दे, धूळ ओल्या फडक्याने पुसून घ्या, झाडू नका. आणि परत कधी जायचं ते तुमच्या डॉक्टरांना विचारून ठरवा.

१० बाय १२ ची खोली, रंग किती आणू? पेंटर म्हणतो पांढरा डबा आणि स्टेनर (पांढऱ्यात मिसळायचा दाट रंग) आणा, मी हाताने मिक्स करतो, स्वस्तात पडेल. – कोल्हापूर

हिशेब आधी. चारी भिंतींची लांबी ४४ फूट, उंची साडेनऊ धरली तर ४१८ चौरस फूट, दाराचे २१ आणि खिडकीचे २० वजा केले की ३७७. चांगल्या इमल्शनचे दोन हात एका लिटरमध्ये साधारण १२० चौरस फुटांवर होतात, म्हणजे तीन लिटरच्या जरा वर, ४ लिटरचा डबा आणा, उरेल तो टचअपला.

हाताने मिक्स करायला मात्र देऊ नका, बाकी कुठल्याही रंगात एकवेळ चालेल, या रंगात नाही. माझ्या स्वतःच्या बेडरूममध्ये हे झालंय. पेंटर अनुभवी होता, चांगला माणूस, त्याने डोळ्यासमोर स्टेनर टाकून अगदी हवा तसा रंग काढला, तीन भिंती झाल्या आणि रंग संपला. दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा तसाच काढला, ओला असताना आम्हा दोघांनाही फरक कळला नाही, वाळल्यावर चौथी भिंत निळसर निघाली. काळ्या स्टेनरचे चार थेंब इकडेतिकडे, एवढंच. अख्खी खोली पुन्हा करावी लागली आणि मला त्याच्यापेक्षा माझाच राग आला, कारण मशीनवर करून आणायला मला कुणी अडवलं नव्हतं.

मशीनवर करा, सगळा रंग एकाच वेळी करा, दोन डबे असतील तर मोठ्या बादलीत एकत्र ओतून ढवळून मगच वापरा. डब्यावरचा कोडचा स्टिकर मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. आणि पुट्टी झाल्यावर, प्राइमरच्या आधी, रात्री भिंतीला चिकटून टॉर्च मारून बघा, उंचवटे दिसतील ते तेव्हाच पॉलिश पेपरने घासून घ्या.

किचनला चालेल का? आमच्याकडे फोडण्या फार. – अकोला

चालेल, पण तिथे मॅट नको, धुता येणारं सॅटिन फिनिश घ्या आणि गॅसच्या मागे टाइल वरपर्यंत न्या. मॅटवर हळदीचा डाग पडला की जात नाही. काळ्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर हा रंग फार छान दिसतो.

भाड्याचा फ्लॅट आहे, मालक रंग बदलू देत नाहीत, भिंती पिवळट पांढऱ्या. काहीच करता येणार नाही का? – वाकड

येईल की. भिंत हिरवी नाही करता आली तर कापड हिरवं करा, खोलीत सगळ्यात मोठं कापड पडद्याचं असतं, छतापासून जमिनीपर्यंत सेज ग्रीन सुती पडदे लावा, खिडकीपेक्षा एक-दीड फूट रुंद, म्हणजे अर्धी भिंतच झाकली जाते. दिवाणावर गडद मरून खणाच्या उशा ठेवा, खणाचे काठ या हिरव्यावर उठून दिसतात. एक वारली चित्र, गेरूच्या जमिनीवरचं, समोरच्या भिंतीला. गेरूचा लाल आणि पडद्याचा हिरवा एवढे दोन असले की पिवळट भिंत मागे जाते, डोळा तिच्याकडे जातच नाही. पडद्याचं कापड घेताना दुकानातल्या ट्यूबखाली ठरवू नका, ठाण दुकानाच्या दारात उजेडात न्यायला सांगा, आणि जमलं तर वीतभर तुकडा मागून घेऊन एक दिवस तुमच्याच खिडकीला टाचून बघा.